कुवेतला पाठवलेला वारा

दुपार कलली की सफियाभाबी ओटीच्या कडेला येऊन उभी राहते, डोक्यावरची ओढणी कानामागे सारते आणि उघड्या मानेवर वारा घेते. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. सुपारीच्या वाडीतून गाळून आलेला हिरवट उजेड तिच्या सुरकुतल्या गालांवर हलत असतो, आणि समुद्राकडून निघालेली खारी झुळूक झावळ्यांना हात लावत, अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबटगोड गंध उचलत तिच्यापर्यंत पोचते. मग भाबी निकाल देते, "खालचा हाय, दर्याकडचा. आज पाऊस न्हाय." अर्ध्या वेळा तिचा अंदाज साफ कोसळतो, आमची आमसुलं भिजतात आणि आम्ही दोघी शेजारणी ओरडत अंगणात धावतो, पण दुसऱ्या दिवशी निकाल देतानाचा तिचा रुबाब तसूभरही कमी झालेला नसतो.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडे हवा म्हणजे भांडकुदळ पाहुणी. चैत्रात झळ होऊन तोंडावर येणारी, फुफाट्याने डोळे भरणारी, हाडांपर्यंत कोरडी. आमच्या बायकांच्या अंगात वारं यायचं, म्हणजे देव यायचा. आणि माणूस अकारण हट्टाला पेटला की त्याला कसलं वारं शिरलंय, असं आई विचारायची. त्या निर्जल प्रदेशातून लग्न होऊन मी कोकणात, बोर्ली पंचतनच्या बाजूला आले आणि पहिल्या वर्षी वाटलं, कुणीतरी ओलं पोतं माझ्यावर टाकलं आहे आणि काढायचं विसरलं आहे. मिठाचं पाणी होई, पापड चामट होत, केस म्हणून वाळत नसत. ही हवा नव्हे, ही भाताची वाफ आहे, असं म्हणत मी मोरीत बसून रडले आहे, अगदी हुंदके देऊन. सासरच्यांना माझं दुःख कळेना. ती भातवाली माणसं. त्यांचा वारा सुपातून पडणाऱ्या दाण्यांपुरता. सुटला की भात वारवायचं, पडला की जेवायला बसायचं, त्यात रडण्यासारखं काय आहे?

आणि दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या भाबीच्या घरात, तीच हवा तिसरीच कुणीतरी होती. तिथे ती दृष्टीसारखी लागायची, म्हणून तान्ह्या मुलांना तिन्हीसांजेला बाहेर काढत नसत; तिथे दुवा वाऱ्यावर बसून दूर जायची; आणि भाबीपुरतं बोलायचं तर वारा ही रोज सांगायची गोष्ट होती. तिचा नवरा कासमभाई लग्नानंतर थोड्याच काळात कुवेतला गेला. दोन-तीन वर्षांनी रजेवर येई, तोही नेहमी हिवाळ्यात. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर त्याचा फोन येई. सलाम झाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज वारा कुठला?"

तो तिकडच्या शमालबद्दल सांगे. उत्तरेकडून येणारा, भर दुपार पिवळी करून टाकणारा धुळीचा वारा. आणि मग भाबी बोलू लागे. काय बोलायची ती! पहाटे डोंगराकडून उतरणारी मतलई, तिला लागलेला ओल्या पानांचा वास, दुपारी पाण्यावरून येणारा खारा गारवा, आणि फोन हवेत उंच धरून ऐकवलेली झावळ्यांची सळसळ. मी गडग्याशी घामाने निथळत उभी असायचे, पान हलत नसायचं, कुत्रीसुद्धा जीभ काढून पडलेली, आणि ही खुशाल फोनवर सांगत असायची, "काय झुळूक हाय म्हनून सांगू!"

"भाबी, अल्ला बघतोय हो," मी चिडवायचे.

"बघू दे," ती म्हणायची. "तो परदेसात एकला हाय. त्याला घाम कशाला पाठवू? त्याच्याकडं कमी हाय काय?"

तिने वर्षानुवर्षं हवा निवडून, पाखडून, खडे काढून कुवेतला पाठवली. तीस पावसाळे गेले, मुलगी रेहाना मोठी होऊन म्हसळ्याला सासरी गेली, भाबीची ओढणी काळ्या केसांवरून पांढऱ्या केसांवर आली.

गेल्या दिवाळीनंतर कासमभाई कायमचा परत आला. हिवाळा सुखाचा गेला. दव, शेकोटीचा धूर, कोवळं ऊन. भाबीने सांगितलेलं सगळं दारात हजर होतं. पण चैत्र लागला, हवा दाट झाली, कुंद झाली, आणि यंत्राच्या कोरड्या गारव्यात उभं आयुष्य काढलेला तो माणूस कासावीस झाला. खोकला सुटेना. अंगाला हवा चिकटते म्हणून तो दिवसातून किती वेळा न्हायचा, देव जाणे. शेवटी त्याने खोलीत एसी बसवला, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या आणि दार ओढून घेतलं. भाबीला त्या थंडीत श्वास पुरेना. तिने चटई उचलली आणि ती ओटीवर झोपू लागली. तो समुद्रापार होता तेव्हा हे नवराबायको जवळ होते, आणि आता मधे एक दार आलं.

एकदा माझ्यादेखतच त्याने विचारलं, "तू सांगायचीस ती हवा कुठं हाय ग?" रागावून विचारलं असतं तर परवडलं असतं. त्याच्या आवाजात नुसता थकवा होता, चुकीच्या गावी उतरलेल्या प्रवाशाचा असतो तसा. पाठोपाठ म्हणाला, बकरी ईद झाली की परत जातो, तिकडे अजून बोलावतायत. भाबीने आत जाऊन चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरली. इतकी वर्षं वाट पाहून हाताशी आलेला माणूस निघाला होता, आणि त्याला घालवणारी हवा हिनेच गोड करून सांगितली होती. मला तिची इतकी कणव आली की मी तो बिनसाखरेचा चहा मुकाट पिऊन टाकला.

त्यानंतरच्या एका दुपारी आम्ही दोघी ओटीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत बसलो होतो. तळवे लालभडक, झावळ्या निश्चल, आकाश तापल्या तव्यासारखं. भाबीचा फोन वाजला. पाहते तर कासमभाईचं नाव! बंद दाराआडून, भिंतीपलीकडच्या पलंगावरून तो विचारत होता, "आज वारा कुठला?"

मला हसू फुटलं. भाबी हसली नाही. लाल बोटांनी तिने फोन कानाशी धरला, आणि पहिल्यांदाच मी तिला खरा वारा सांगताना ऐकलं.

"वारा न्हाय. सकाळपासून पडलाय. पाठीवरून घाम गळतोय आनि माश्या बसतायत." कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला. "रेहाना तापानं फणफणली तवाबी असाच पडला व्हता. धूर घरातनं निघंना. पोरीला मांडीवर घेऊन सुपानं वारा घालत बसले, आनि तुमाला म्हनले, झुळूक हाय, पोरगी निजलीय. मागच्या पडवीचे पत्रे उडाले तवा दाराला पाठ लावून बसले व्हते मी. तुमाला म्हनले, वारा मस्त सुटलाय. सुटलाच व्हता की! माझी अम्मी गेली तवा..."

दार उघडलं. आमच्या पायांवरून थंड हवेचा एक लोट गेला आणि उन्हात विरून गेला. कासमभाई उंबऱ्यात उभा होता, फोन अजून कानाशी, आणि त्याच्या कपाळावर बघता बघता घाम फुटत होता.

"मला सांगितलं का न्हाईस?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी तिकडं राहिला असता काय?" भाबी म्हणाली, आणि लाल तळव्यांत तोंड झाकून ढसाढसा रडली. मीही रडले, लाज कसली त्यात! तो खाली, तिच्या शेजारच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "अम्मीचं सांग." मी माझी टोपली उचलून हळूच घरी आले.

ईद आली आणि गेली, तो गेला नाही. हवा काही सुधारली नाही, आणि तोही सुधारला नाही; खोकतो, कुरकुरतो, भर उन्हाच्या वेळी एसी लावून पडतो. पण चिकटपट्ट्या निघाल्या आहेत, आणि संध्याकाळी दोघं ओटीवर बसून एकेका वर्षाची हवा काढतात. ती सांगते, तो मधेमधे थांबवून पुन्हा विचारतो. गेलेला काळ कुणाच्या हाकेने मागे फिरत नाही आणि विरहाची भरपाई तर कुठल्याच ऋतूत होत नाही; पण ती वर्षं कशी काढली हे दुसऱ्या एकाला खरंखरं ठाऊक झालं की ती एकट्याच्या नावावर राहत नाहीत.