ओढ्याकडची बाजू

अर्जुनानं आपली एकुलती एक वहाण काढली आणि यंत्राच्या खोलीबाहेर भिंतीला लावून ठेवली. आत धूळ चालत नसे, त्यामुळं पायताण सगळ्यांनाच बाहेर काढावं लागे. कुबडीच्या टोकाचं रबर राजारामनं खाली बसून ओल्या फडक्यानं पुसलं. अर्जुना वरून नुसता बघत राहिला. गेली दोन वर्षं तो या धाकट्या भावाशी कामापुरतंच बोलत आला होता, आणि तसं काम फारसं पडत नसे.

एकोणऐंशीचा जानेवारी होता, शनिवारची दुपार. विहिरीवरच्या इंजिनाचा पिस्टन कराडच्या कारखानदाराकडं टाकायचा म्हणून अर्जुना सकाळच्या एस्टीनं आष्ट्याहून आला होता. पाच वाजता या, असं कारखानदारानं सांगितलं. आईनं राजारामसाठी भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती, ती पोचवायला तो इंजिनिअरिंगच्या वसतिगृहावर आला आणि पोचवून तसाच वळला. राजारामनं त्याला जवळजवळ वाट अडवूनच थांबवलं. म्हणाला, मी एक खेळ केलाय, बघून तरी जा.

त्या खेळात खरं काय दडलंय ते राजारामशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अर्जुनाचा पाय गेला, तेव्हापासून त्यानं राजारामला रानात येऊ दिलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशीच त्यानं सांगितलं होतं, "तू शीक. रानात पाय ठिवू नगंस." गाव म्हणालं, बघा, असा थोरला भाऊ पाहिजे, स्वतः लंगडा झाला पण धाकट्याचं शिक्षण मोडू दिलं नाही. राजाराम दिवाळीला घरी जाई आणि सोप्यात बसून राही. बांधापर्यंत गेला तरी अर्जुना लांबून नुसती कुबडी वर करी, आणि तो परत फिरे. ही माया नाही, हे दोघांनाही कळत होतं. राजारामला पदवी मिळणार होती, कुठंतरी नोकरीही लागली असती. पण त्याला एकच हवं होतं, अर्जुनानं एकदा रानात ये म्हणावं.

खोलीत गारठा होता. एका भिंतीला लोखंडी कपाटाएवढं यंत्र, आणि त्याला जोडलेला टेलिप्रिंटर. आपण टाइप करायचं, यंत्र त्याच कागदावर उत्तर छापतं. यंत्र सांभाळणारे लालासाहेब पलटणीतून निवृत्त झालेले होते. ते पलीकडच्या टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. चारपर्यंत यंत्र रिकामं आहे, त्यांनी सांगितलं, पण कागद जपून वापरा.

राजारामनं भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून खेळ यंत्रात चढवला. अक्षरं इंग्रजी असली तरी भाषा आपलीच ठेवली होती. गुरूच्या चंद्रावरून चार माणसांचं यान पृथ्वीकडं परत निघालंय. तिथून उचललेल्या बर्फातून एक जनावर यानात शिरलंय. यानाला सात खोल्या आहेत, एकीतून दुसरीत जायला दारं आहेत, आणि शेवटच्या खोलीला एक दार थेट बाहेर, पोकळीत उघडतं. माणसांच्या अंगावर हवेचे पोशाख, आणि त्यांतली हवा चाळीस चालींना पुरेल एवढीच. हत्यारं दोन, एक पहार आणि तीन गोळ्यांची बंदूक. जनावर अंधारात आहे. माणसं जिवंत घेऊन घरी यायचं.

महिनाभर वर्गातली पोरं हा खेळ खेळत होती. कुणाचाही माणूस वाचला नव्हता.

"म्हंजी तू सांगणार आणि मी मरणार," अर्जुना म्हणाला.

"तुमी सांगायचं, मी टाइप करायचं. मरायचं का न्हाई ते तुमीच ठरवायचं, दादा."

यंत्रानं चार नावं विचारली. अर्जुनानं कुबडी मांडीवर आडवी घेतली. "लिव. अर्जुना. गुंडा. कोंडीबा." मग थोडं थांबून, कागदाकडं बघत म्हणाला, "राजा."

गुंडा आणि कोंडीबा म्हणजे अर्जुनाच्या पायाला लागलं त्या दिवशी पैऱ्यानं, कामाची परतफेड म्हणून, ऊस तोडायला आलेले दोघे. राजारामनं चारही नावं टाइप केली.

पहिला डाव पोरं खेळत तसाच झाला. अर्जुनानं दारं बंद करत आणली. मागचं लाव, डावीकडचं लाव, गुंडाला पुढं घाल. टेलिप्रिंटर पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखा वाजे आणि एकेक अक्षर उमटत जाई. राजाराम मोठ्यानं वाचे. चौथ्या खोलीत काहीतरी घासत गेलं. पाचव्या खोलीत भिंत ओली होती. मग सहावी खोली, आणि मागचं दार लागलेलं.

"गुंडाचा जबडा निखळला. गुंडाचा खांदा धडापासून सुटला. गुंडा अजून ओरडतो आहे."

"गोळी घाल."

"लागली. जनावर थांबलं न्हाई. कोंडीबाचं पोट फाटलं. कोंडीबा आतडी हातात धरून उभा आहे."

अर्जुनानं पहार मारायला सांगितलं. पहार बसली. जनावराच्या पाठीतून काळं रक्त उडालं, असं यंत्रानं छापलं, आणि पुढच्याच ओळीत जनावरानं अर्जुनाचं डोकं भिंतीवर आपटून फोडलं. शेवटी राजा उरला. त्याला जनावरानं घाई न करता, दोन्ही हातांपासून सुरुवात करून खाल्लं.

लालासाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पोरांनो, असलं लिहायला शिकवतात काय रे हितं?"

"परत लाव," अर्जुना म्हणाला.

दुसऱ्या डावात त्यानं बंदूक राखून ठेवली. दारं बंद करायची घाई केली नाही. गुंडा मेला, त्याची बरगडी दारात अडकून पडली, पण बाकी तिघं सोळा चाली टिकले. अर्जुनाच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. कोंडीबाही गेल्यावर त्यानं राजारामचा हात धरून थांबवलं आणि कागद मागं ओढायला सांगितला. इंग्रजी अक्षरं त्याला येत नव्हती. कुठल्या चालीला जनावर कुठं होतं, कुठलं दार उघडं होतं, हे त्यानं राजारामकडून एकेक ओळ वाचून घेतलं. पाणी कुठल्या सरीत फुटलं ते शोधताना तो असाच वाकून बघत असे.

"ह्ये आपणहून अंगावर येत न्हाई," तो म्हणाला. "आवाज झाला की लांब पळतंय. दारं लावून लावून तुमी त्येला कोपऱ्यात घालताय, आणि मग ते फाडतंय."

 नियम तोच होता. त्यानंच लिहिला होता. जायला उघडी जागा असली तर जनावर जातं. नसली तर मागं फिरतं, आणि वाकून काम करणाऱ्या माणसावर पहिलं जातं. महिनाभरात एकाही पोराला हे दिसलं नव्हतं. अर्जुनाला दीड डावात दिसलं.

"त्ये भायेरचं दार उघडतंय का?"

"उघडतंय."

"तिसरा डाव लाव."

या वेळी अर्जुना सावकाश खेळला. राजाला बाजूला ठेवून बाकी तिघांना एका रांगेत पसरवून त्यानं जनावराला पुढं हाकत नेलं. पहार भिंतीवर वाजवायची, दोन पावलं पुढं, परत वाजवायची. ऊसतोडीचा शेवट असाच होतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चारी बाजूंनी तोडत आलं की मधे चार गुंठे ऊस उरतो, आणि रानातलं जे काही पळून आत शिरलेलं असतं ते सगळं त्या चार गुंठ्यांत असतं. मग माणसं तीन बाजूंनी डबे बडवत येतात. चौथ्या बाजूला, ओढ्याकडं, कुणी उभं राहत नाही. राहायचं नसतं.

जनावर सातव्या खोलीत गेलं. बाहेरचं दार उघडलेलं होतं.

"आता," अर्जुना म्हणाला, "राजाला त्या दारात उभा कर."

राजारामचे हात थांबले.

"कर की रं. काय हुतंय बघू."

त्यानं टाइप केलं. राजा दारात. टेलिप्रिंटर काही क्षण गप्प बसला आणि मग वाजू लागला. राजारामला वाचायची गरज नव्हती, त्या ओळी त्यानंच लिहिल्या होत्या. तरी त्यानं वाचल्या.

"जनावर दाराकडं आलं. दारात माणूस आहे. जनावर मागं फिरलं. अर्जुना वाकलेला होता. जनावरानं त्याची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत उभी फाडली. हाड दिसतं आहे. जनावरानं सुळा बाहेर काढला आणि परत तिथंच घातला."

यंत्र थांबलं. अर्जुना कागदावर वाकला. इंग्रजी अक्षरांत आपलं नाव कुठं आहे हे त्याला एवढ्या वेळात ओळखता येऊ लागलं होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"सुळा," तो म्हणाला. "चंद्रावरच्या जनावराला सुळा."

राजारामनं कळांवरचे हात खाली घेतले. त्यानं सांगितलं. दोन वर्षं मनात शंभर वेळा जुळवलेली वाक्यं कामाला आली नाहीत, तुटक तुटक बाहेर पडलं. उसात ससा शिरताना बघितला होता. ओढ्याकडनं निघंल, धरू, रात्रीला मटण होईल, म्हणून तो गुपचूप त्या बाजूला जाऊन काठी घेऊन उभा राहिला. ससा आलाच नाही. डुक्कर आलं, वासराएवढं. त्यानं भिऊन काठी हाणली, ओरडला, आणि डुक्कर गरकन मागं फिरलं. पलीकडनं अर्जुनाची किंकाळी आली. तो उसाला वळसा घालून पळत आला आणि बाकीच्यांत मिसळला. गुंडा डुकराच्या पाठीत कोयता घालत होता. पाचट लाल झालं होतं. फाटलेल्या धोतरानं मांडी आवळताना त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते, आणि तू कुठं होतास असं कुणीच विचारलं नव्हतं. नवव्या दिवशी मिरजेला पाय काढला.

"मीच उभा हुतो, दादा. ओढ्याकडच्या बाजूला."

"ठावं हाय," अर्जुना म्हणाला. "पाय गेलाय माझा. डोळं न्हाईत गेलं. पडल्या पडल्या बघितला तुला, उसाच्या कडंनं येताना."

"मग बोलला का न्हाईसा?"

अर्जुनानं कुबडी उचलली आणि बसल्या जागेवरून, दोन्ही हातांनी, राजारामच्या मांडीवर हाणली. लाकूड हाडावर वाजलं. राजाराम खुर्चीवरून सरकला नाही. अर्जुनानं दुसऱ्यांदा त्याच जागी हाणली. राजारामच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. तिसऱ्या वेळेला कुबडी खांद्यावरून कानाला लागली आणि कान फुटून रक्त गळ्यावर उतरलं.

लालासाहेब उठून उभे राहिले. "मारामारी करा," ते म्हणाले, "पण यंत्राला लागता कामा नये."

अर्जुनाला धाप लागली होती. "दोन वर्सं," तो म्हणाला, "दोन वर्सं बघत हुतो, ह्यो कवा सांगतुय. आईला न्हाई, मला न्हाई. सोप्यात बसून भाकरी खाऊन जातुय." त्यानं कुबडी जमिनीवर टेकवली. "आणि सांगितलंस कुणाला, तर ह्या पत्र्याच्या कपाटाला."

राजारामनं कानावर रुमाल दाबला. 

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. अर्जुनानं तोंडावरनं हात फिरवला, कागदाची फाटकी कड सरळ केली आणि म्हणाला, "परत लाव."

"दादा, राहू द्या."

"लाव म्हणतुय न्हवं."

चौथ्या डावाला नावं तीच होती. अर्जुनानं पुन्हा तसंच हाकत नेलं. गुंडाच्या हाताचं एक बोट अर्धवट तुटलं, ते त्याला तोडून टाकायला सांगितलं. एकदा जनावर फिरून समोर आलं, तेव्हा कोंडीबाला जमिनीवर पालथं पडायला लावलं, आणि ते त्याच्या पाठीवरून कातडं सोलत निघून गेलं. कोंडीबा जिवंत राहिला. हवा सहा चालींची उरली. सातवी खोली आली. बाहेरचं दार उघडलं.

राजाराम बोटं कळांवर ठेवून थांबला.

अर्जुना त्याच्याकडं न बघता म्हणाला, "राजाला हिकडं घे. माझ्या मागं."

टेलिप्रिंटर वाजला. जनावर दाराकडं गेलं. दारात कुणी नाही. जनावर बाहेर पडलं. दार बंद झालं. चार माणसं जिवंत आहेत.

या ओळी राजारामनं लिहिल्या होत्या खऱ्या, पण महिनाभरात यंत्रानं त्या पहिल्यांदाच छापल्या. लालासाहेब जवळ येऊन वाकून वाचून गेले.

"मेलं का?" अर्जुनानं विचारलं.

"न्हाई. गेलं नुसतं."

"हुं." त्याला ते तितकं आवडलेलं दिसलं नाही. "मला मारायचं हुतं ते."

पाच वाजायच्या आत कारखानदाराकडं पोचायचं होतं. अर्जुनानं दाराबाहेर येऊन वहाण चढवली. राजारामला डावा पाय टेकवत नव्हता, तो भिंतीला हात लावत मागून आला. पायऱ्या दोघंही सावकाशच उतरले. मधे कुणी कुणाला हात दिला नाही.

खाली आल्यावर अर्जुना थांबला. दुरुस्तीचा आकडा लिहिलेली कारखानदाराची चिठ्ठी त्यानं खिशातनं काढून बघितली आणि परत ठेवली.

"बेस्तरवारी तोड हाय," तो म्हणाला. "बुदवारी रातच्याला ये."

 राजारामनं विचारलं, "रानात?"

"मग काय सोप्यात ऊस हाय व्हय?"

"कुठं उभा राहू?"

"मी सांगीन तितं," अर्जुना म्हणाला, आणि रस्त्याला लागला.