राखणदाराचं बोळकं

गेले पाच दिवस सुभद्रा जात्यावर बसली की एकच वाक्य घोळवत होती. "साहेब, ही खोली माझ्या नावावर आहे. माझ्या खोलीत दारू नको." दळण संपायचं, पण वाक्य काही नीट जमायचं नाही. कधी आवाज चिरका निघे, कधी 'साहेब' शब्दावरच गाडी अडे. गोरा सोजीर लालबागच्या रस्त्यावरून घोडा दामटत गेला तरी ही पदर ओढून भिंतीला चिकटणारी बाई. आणि आता गोरा साहेब तिच्याच चुलीपाशी येऊन उभा राहणार होता.

साल अठराशे चौऱ्याण्णव. खानावळ तिच्या आईने, आनंदीबाईने, घातलेली. चाळीच्या तळमजल्यावर एक लांबोडकी खोली, मधोमध गोणपाटाचा पडदा. पुढे गिरणीची माणसं पंगतीला बसत आणि मागे चूल, जातं, मोरी. आई गेली तेव्हा घरमालकाने भाड्याची पावती सुभद्राच्या नावावर केली. ती कोकणातून आलेल्या माणसांची आमटी-भाकर रांधत होती आणि सुखात होती. म्हणजे सहा वर्षं सुखात होती. त्याआधीचं विचारू नये.

त्याआधी तिचा नवरा कुशाबा गिरणीत होता आणि पीत होता. जातीचा भंडारी, बापजाद्यांनी माड चढून माडी काढलेली. माडी त्याला पाण्यासारखी. एक दिवस असाच तर्र होऊन कामावर गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात ठेवून आला. शुद्धीवर आल्यावर त्याने घर राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, नारळावर हात ठेवून शपथ घेतली. घरात कोणी प्यालं की आपल्याला राहवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने शपथ एकट्याची घेतली नाही, घराची घेतली: घर पाळेल तोवर तो पाळणार. "ह्या घरातल्या एकाच्याय तोंडाक थेंब लागाचो नाय. घर पाळीत, तवसर मी पाळतलंय." त्याची आई रखमा संध्याकाळी चुळकाभर घ्यायची, तिनेही त्या दिवसापासून सोडली. सहा वर्षं त्या घरात थेंब आला नाही, आणि कुशाबा बायकोच्या हाताखाली निमूटपणे भांडी घाशीत, पंगती वाढीत राहिला.

मग समोरच्या कोपऱ्यावर एका खानावळवाल्याला माडीचा परवाना मिळाला. जेवणाबरोबर माडी मिळते म्हटल्यावर गिरणीतली माणसं तिकडे वळू लागली. सुभद्राच्या पंगती दोनाच्या एकावर आल्या. कुशाबाच्या डोक्यात तेव्हापासून परवान्याचं भूत शिरलं. आबकारी खात्याकडे अर्ज गेला, दारावर कागद लागला: कोणाची हरकत असेल त्याने तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर तोंडी सांगावी.

"मी इकतलंय, पियाचंय नाय," कुशाबा म्हणायचा. "शपथ हा मगे माझी?"

सुभद्राने आपली हरकत नवऱ्याला कळू दिली नाही. तिला त्या शपथेचा आधार होता आणि तिचीच भीतीही होती. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या माणसाने मी पोहणार नाही म्हणावं, त्यातलाच प्रकार. घरात माडीची मडकी रोज येणार, रोज हा माणूस ती आपल्या हाताने ओतणार. राहिलेली आठ बोटं आणि हा शहाणा झालेला माणूस तिला हवा होता, बाकी पंगत एक असो की अर्धी. तिने देवीचे मंगळवार धरले होते. सासूला वाटत होतं, सून परवाना मिळावा म्हणून उपास करते. सून तो मिळू नये म्हणून करत होती.

साहेब गुरुवारी यायचा होता. त्याआधी मंगळवारी रखमाने गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मागणं, घालायचं ठरवलं. नव्या कामाआधी राखणदाराला मान द्यायचा, आणि भंडाऱ्याच्या राखणदाराला मान म्हणजे माडीच. तीही दुकानातली नाही.

"आकडो घातलेल्या माडाची त्येका चलाची नाय," रखमा म्हणाली. "सरकाराचो हात लागलेलो माड तो. त्येका कोऱ्या माडाची व्हयी."

आता ही गोम समजून घ्यायला हवी. माडी काढायच्या माडावर सरकारचा कर असे, आणि कर भरलेल्या माडावर आकडा घातलेला असे. बिनआकड्याच्या माडाची माडी काढली की थेट तुरुंग. म्हणजे माडी विकण्याचा कायदेशीर परवाना मिळावा, म्हणून या मायलेकांनी आधी चोरटी माडी घरात आणायचं ठरवलं. यात काही चुकतंय असं दोघांच्या मनालाही शिवलं नाही. देवाचं देवाला, सरकारचं सरकारला, असा त्यांचा सरळ हिशेब. कुशाबाचा चुलतभाऊ रघु दादरच्या एका वाडीत माड चढायचा. भल्या पहाटे त्याने एका कोऱ्या माडाची बोळकंभर माडी काढून दिली. जात्यामागच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर रखमाने ते बोळकं ठेवलं, वर नारळाची करवंटी झाकली, हात जोडले आणि बजावलं, "दिवेलागणीक उंबऱ्यार वतूचां. तवसर कोणी हात लावचो नाय."

माडी ही काही दूध नव्हे, झाकली की राहिली. ऊन चढलं तसं बोळकं फसफसू लागलं. साडेदहा-अकराच्या सुमाराला आंबूस वास साऱ्या खोलीत भरला. सुभद्राच्या नाकात तो शिरला आणि तिला सहा वर्षांपूर्वीच्या रात्री आठवल्या. तिने चुलीत जास्तीचं लाकूड सारलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

तेवढ्यात बाहेर बूट वाजले.

"कुशाबा कोण? आबकारीचे साहेब आलेत. गुरुवारी त्यांना ठाण्याला जायचंय, म्हणून तपासणी आजच." हा कारकुनाचा आवाज. रमाकांत नावाचा हा कारकून मागे अर्जाच्या वेळी एकदा येऊन गेला होता.

"आजच?" कुशाबा मुद्दाम मोठ्याने म्हणाला. त्याच्या आवाजातला कंप पडद्याआड सुभद्राला ऐकू आला. "येवा, येवा साहेब. बसा. आये, साहेबांका पाट दी."

सुभद्राच्या हातातली भाकरी परातीत गळून पडली. खोलीला दार एकच, आणि दारात साहेब. मोरीत ओतावी तर मोरीचं पाणी पुढच्या गटारात, साहेबाच्या बुटाखालून जाणार आणि घमघमाट सुटणार. लपवावी तर वास लपत नाही. पडद्याच्या खालून तिला दोन तकतकीत काळे बूट दिसले. ते पुढे सरकत होते.

त्या क्षणी तिच्या मनात आलं, आणि पुढे आयुष्यभर ती हे स्वतःशी कबूल करत राहिली, की बोळकं राहू द्यावं तसंच. साहेब बघेल. परवाना गेला, कायमचा गेला. देवीने उपास ऐकले म्हणायचे. पण परवान्याबरोबर कुशाबाही जाणार होता, हातात बेड्या घालून, साऱ्या चाळीदेखत. ती कल्पना तिला सोसवेना.

तिने करवंटी उचलून चुलीत टाकली आणि बोळकं तोंडाला लावलं.

जन्मात दारूला न शिवलेली बाई. त्यात उपाशी पोट. आंबट, जळजळीत घोट नाकापर्यंत चढला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती थांबली नाही. थांबली असती तर ओकली असती. शेवटचा घोट गिळून तिने बोळक्यात मूठभर सुकट कोंबली, केळीचं पान चुलीत सारलं आणि चार सुके बोंबील थेट निखाऱ्यांवर फेकले. धूर उठला. बोंबलाच्या त्या वासापुढे माडी काय, सारी चाळ हरली असती.

पडदा सरकला. साहेबाने नाकाला रुमाल लावला होता. मागे रमाकांत, त्याच्या मागे कुशाबा, पांढराफटक. कुशाबाची नजर आधी जात्यामागच्या कोपऱ्याकडे गेली, मग रिकाम्या जागेवरून सुभद्राच्या तोंडाकडे आली. त्याला कळलं. दारुड्याला दुसऱ्याचे पाणावलेले डोळे बरोबर कळतात.

साहेबाने हातातल्या काठीने डबे ठोकून पाहिले, पिंप पाहिलं, बोळकं उलथलं. सुकट जमिनीवर सांडली. साहेबाला शिंक आली. तो रमाकांतला इंग्रजीत काही म्हणाला.

"बाई," रमाकांत म्हणाला, "भाड्याची पावती तुमच्या नावावर आहे. म्हणून साहेब विचारतात, परवान्याला तुमची काही हरकत आहे का? मोकळेपणी सांगा. कारण सांगितलंत तर साहेब लिहून घेतील."

पाच दिवस जिची वाट पाहिली ती वेळ ही. वाक्य जिभेवर तयार होतं, एकदाचं नीट जुळलेलं, एक अक्षर अडखळणार नाही असं. आणि तोंड उघडायची सोय नव्हती. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. डोकं गरगरत होतं, पाय जमिनीवर आहेत की नाहीत कळत नव्हतं.

"लाजताहेत," रमाकांत साहेबाला म्हणाला. "बाई, हरकत आहे?"

सुभद्राने मान हलवली. आहे. हरकत आहे.

साहेब दोन पावलं पुढे आला. त्याने रुमाल खाली केला आणि तो वाकला. बाई हळू बोलेल, नीट ऐकावं, म्हणून भल्या मनाने वाकला असेल बिचारा. त्याच्या निळ्या डोळ्यांतल्या लाल शिरा तिला दिसल्या. साबणाचा वास आला. वीतभर अंतर उरलं. एक शब्द बोलली असती, नुसता 'साहेब' म्हणाली असती, तरी तिच्या श्वासातून कोरा माड त्याच्या नाकात गेला असता. साहेबाच्या खांद्यामागे कुशाबा उभा होता. त्याने हात जोडले होते. आठ बोटांचे.

तिने जोरजोरात मान आडवी हलवली. नाही. नाही. काही हरकत नाही.

"घाबरल्यात हो," रमाकांत हसला. "इथे निशाणी करा."

कुशाबाने अर्जावर आधीच भंडाऱ्याची निशाणी केली होती, कोयती. तिच्याकडे बोरू आला. लिहिता न येणारी बाई कागदावर बांगडी काढते, तशी तिने काढली. बांगडीची दोन टोकं जुळलीच नाहीत. रमाकांतने खाली लिहिलं: 'निशाणी बांगडी, हरकत नाही.'

ते गेल्यावर सुभद्रा मोरीवर बसून ओकली. रखमा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "राखणदाराचां प्यालंस गे बाये," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग जरा वेळाने स्वतःचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुझ्या तोंडान त्येनाच घेतल्यान म्हणायचां. आता लायसन मिळतलांच."

आणि मिळालंच. पंधरवडा झाला असेल नसेल. कुशाबाने कागद चौकटीत बसवून भिंतीवर टांगला. त्याच दिवशी सकाळी रघुने आकड्याच्या माडाची पहिली मडकी आणून दिली. गेले पंधरा दिवस सुभद्राला झोप नव्हती. राखणदार कोपेल, घरात कोणी दगावेल, असं रखमा म्हणे. सुभद्राची भीती वेगळी होती, आणि तिला नाव द्यायचं धाडस तिच्यात नव्हतं. पडदा धरून ती नवऱ्याचे हात बघत उभी राहिली.

कुशाबाने करवंटीतून उंबऱ्यावर राखणदाराची धार सोडली. मग मडक्यातून करवंटी पुन्हा भरली.

"ती कोणाक?" सुभद्राने विचारलं.

त्याने करवंटी खाली ठेवली नाही.

"शपथ घेतलेली तुमी," ती म्हणाली. आवाज जात्यावर निघायचा तसाच चिरका निघाला.

"घेतलेली गे," कुशाबा म्हणाला. रागाने नाही, उलट फार मायेने. इतक्या मायेने तो वर्षानुवर्षांत तिच्याशी बोलला नव्हता. "घराची घेतलेली. त्या दिसा तू माझ्यासाठी प्यालंस, ह्यां मी मरासर इसराचंय नाय. पण घराच्या तोंडाक थेंब लागलो मगे. शपथ तेवांच सुटली."

पदर तोंडावर नव्हता, समोर साहेब नव्हता, श्वासाला कसलाही वास नव्हता. तरी सुभद्राला बोलायला शब्द सापडेना. कुशाबाने उरलेल्या तीन बोटांनी करवंटी सांभाळून धरली आणि डोळे मिटून तोंडाला लावली.

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. समोरच्या कोपऱ्यावर जाणारी माणसं आज रस्ता ओलांडून इकडे येत होती. सुभद्रा आत गेली आणि दोन पंगतींच्या भाकऱ्या थापायला बसली.