भागोजींचं अनुमोदन

हे कुणालाच पटत नाही, आणि पटलं तर माझ्या सांगण्यातच काहीतरी चुकलं असं समजा. परवा चाळीच्या गॅलरीत जाईबाईंना आणि त्यांच्या नातीला, प्रितीला, सांगितलं तेच इथे सांगतो.

२०२३ची दिवाळी नुकतीच झाली होती. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीला पाण्याची नवी लाइन मिळावी, असा ठराव प्रभाग समितीत आला होता. जाईबाई दुखऱ्या गुडघ्यांनी चौथ्या मजल्यावर हंडे चढवत होत्या, म्हणून मी स्वतः सभेला जाऊन बसलो. आमच्या नगरसेवकाने ठराव मांडला. पण नुसता मांडून भागत नाही, दुसऱ्या कुणालातरी "अनुमोदन" म्हणावं लागतं, नाहीतर ठराव तिथेच बारगळतो. बाकीचे नगरसेवक माना खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी दोनदा विचारलं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, "अनुमोदन."

आवाज भागोजी मेस्त्रींचा. आमचे जुने नगरसेवक. त्यांना मी त्या सभेच्या चार वर्षं आधी खांदा दिला होता. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. चिटणिसांनी मुकाट्याने त्यांचं नाव लिहून घेतलं, आणि ती शाई सभा संपेपर्यंत वाळली नाही.

"पण लाइन आली ना?" मी जाईबाईंना म्हटलं.

प्रितीने भरलेला हंडा नळाखालून ओढला.

"आबा, काय पण. २०२३ला नगरसेवक होतेच कुठे? सगळ्यांची मुदत संपलेली, निवडणूक झालीच नव्हती. मग त्या सभेत बसलं होतं कोण?"