तीन वर्षांचा फळा

मी पांढरा फळा बोलतोय. तीन वर्षं एका मुलीनं माझा मनापासून द्वेष केला, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या वह्या-पुस्तकांच्या एका दुकानात. एका ऑगस्टच्या दुपारी घामानं भिजलेला एक माणूस आत आला आणि म्हणाला, "सगळ्यात मोठा फळा दाखवा. तीन वर्षं टिकला पाहिजे."

तो मुनीर. सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या फायली सांभाळणारा कारकून. त्याची एकुलती एक मुलगी रबाब नववी पास झाली होती, आणि पुढची तीन वर्षं उच्च माध्यमिकची होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जी परीक्षा होते, तिच्या टक्क्यांवर इथे मुलांचं कॉलेज ठरतं. कोण डॉक्टर, कोण इंजिनिअर, कोण नुसताच पदवीधर, हे सगळं त्या एका आकड्यावर.

घरी आल्या आल्या मुनीरनं मला जेवणाच्या टेबलासमोर ठोकलं. पुसल्या न जाणाऱ्या शाईनं माझे तीन भाग केले, एकेका वर्षाला एक. सगळ्यात वर लिहिलं : 'वैद्यकीय महाविद्यालय, मन्सूरा'. आणि उजवीकडे एक बारीक रकाना सोडला. रबाबची आई नजवा बशीत फूल, म्हणजे वालासारखे शिजवलेले दाणे, वाढत होती. तिनं विचारलं, "हा रकाना कशाला?"

"हाझेमच्या गुणांना," मुनीर म्हणाला.

हाझेम म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचा, तलअतचा मुलगा. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा, रबाबच्याच इयत्तेत. दोन्ही भावांचं एकमेकांशी हसून बोलणं मी कधी ऐकलं नाही.

रबाबनं माझ्याकडे पाहिलं. बारीक, भुवया जुळलेली मुलगी. म्हणाली, "बाबा, मला विचारलंत का?"

"काय विचारायचं? तुला डॉक्टर नाही व्हायचं?"

"मला माहीत नाही अजून."

"म्हणूनच मी लिहून ठेवलंय," मुनीर म्हणाला आणि त्यानं शाईचं टोपण लावलं.

मुनीर वाईट माणूस होता असं कुणी समजू नये. रुग्णालयात कालचे पोरगे डॉक्टर त्याला "ए मुनीर, फाईल आण" अशी हाक मारायचे. ही गोष्ट तो नजवाला आठवड्यातून दोनदा तरी सांगायचा. त्याला एकदाच त्या पोरांच्या तोंडून ऐकायचं होतं, "हे डॉक्टरीणबाईंचे वडील." एवढ्यासाठी त्यानं मला आणलं होतं.

पहिल्या वर्षापासूनच माझा धाक सुरू झाला. दर शुक्रवारी नमाजाहून आला की मुनीर माझ्यासमोर उभा राहायचा. "रसायन?" "एकोणीस." "विसातले? एक कुठे गेला?" तो एक कुठे गेला, याचं उत्तर रबाबला जेवणाआधी द्यावं लागायचं. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न, मावशीकडची सुट्टी, नदीकाठी फिरणं, सगळं त्यानं माझ्यावरून काढून टाकलं आणि त्या जागी शिकवण्यांच्या वेळा लिहिल्या. मी नुसता बघत होतो. फळ्याला नाही म्हणता येत नाही.

आई समोर नसली की रबाब टेबलाखालून पाय लांब करून माझ्या खालच्या चौकटीला लाथा मारायची. "मरत का नाहीस रे तू," असं पुटपुटायची.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या वर्षीच पाहिली. जीवशास्त्राचं पुस्तक ती औषधासारखं वाचायची, नाक मुरडत, आणि परीक्षा झाली की विसरून जायची. गणिताची वही मात्र जेवतानासुद्धा मांडीवर असायची. नजवा एकदा म्हणाली, "अगं, घास थंड होतोय." तर ही म्हणाली, "आई, गणितात मी बरोबर असले ना, की मग बाबासुद्धा मला चूक ठरवू शकत नाहीत."

नजवानं घास उचलून पोरीच्या तोंडाशी धरला. ती फार कमी बोलायची.

तिसरं वर्ष उजाडलं तेव्हा शाळेत अर्ज भरायचा होता : जीवशास्त्राची शाखा की गणिताची. डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्र, इंजिनिअर व्हायचं तर गणित. मुनीर कामावर गेल्यावर रबाबनं तो अर्ज टेबलावर ठेवला.

"आई, इथे पालकाची सही लागते."

"बाबांची?"

"पालकाची लिहिलंय."

नजवानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, अगदी वरच्या ओळीकडे. मग डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाला हात पुसले आणि सही केली. स्वतः शाळेत जाऊन अर्ज देऊन आली.

त्यानंतर मी आयुष्यातलं सगळ्यात खोटं काम केलं. दर गुरुवारी रबाब माझ्यावर जीवशास्त्राचे गुण लिहायची. 'अठरा. साडेअठरा. एकोणीस.' जो विषय ती शिकतच नव्हती, त्याचे गुण! मुनीर ते बघून खूश व्हायचा, हाझेमच्या रकान्याशी ताडून बघायचा, आणि एकदा तर त्यानं रबाबच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं डोकं मागे घेतलं. त्याला वाटलं, लाजली.

जानेवारीत बिंग फुटलं. जीवशास्त्राच्या शिकवणीचे मास्तर रक्तदाब वाढला म्हणून रुग्णालयात आले होते. मुनीरनं त्यांची फाईल हातात घेऊन मोठ्या कौतुकानं विचारलं, "आमची रबाब कशी आहे?" मास्तर म्हणाले, "रबाब? ती या वर्षी माझ्याकडे आलीच नाही." आजूबाजूचे तरणे डॉक्टर हसले.

हे सगळं त्यानं घरात येऊन ओरडत सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"गणित! चोरून गणित! आणि माझ्या भिंतीवर रोज खोटं लिहीत होतीस?"

"भिंत तुमची होती बाबा, पण शाळेत मी जात होते."

"तोंड वर करून बोलतेस? सही कुणी केली?"

"मी केली," नजवा म्हणाली.

तो वळला. "तू?"

"हो. तीन वर्षांत तुम्ही या फळ्याशी जेवढं बोललात, तेवढं पोरीशी बोलला असतात तर मला करावी लागली नसती."

मुनीरनं फडकं घेतलं आणि मला कोरडंच खसाखसा पुसलं. खोटे गुण, शिकवण्यांच्या वेळा, सगळं. हाझेमचा रकाना तेवढा ठेवला. त्या दिवसापासून त्यानं मुलीशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तर नजवाला सांगायचा, "तिला सांग, मीठ दे." मिठाचं भांडं रबाबच्या कोपराशीच असायचं.

ऑगस्टमध्ये निकाल लागले. हाझेमला वैद्यकीयला पुरतील एवढे टक्के पडले. तलअतनं जिन्यात लाल सरबताचे पेले मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजले. आमच्या दारावरही थाप पडली. "मुनीर, ये की! पुतण्या डॉक्टर झाला!" मुनीर गेला, पेला घेतला, हसला, आणि परत येऊन मोरीत थुंकला.

रबाबचे टक्केही चांगलेच होते. पण मुनीर तिला म्हणाला, आणि सात महिन्यांत थेट तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य, "वर्ष परत कर. जीवशास्त्र घे. अजून वेळ गेलेली नाही."

"नाही करणार."

"माझ्या घरात राहायचं तर करावं लागेल."

"मग नाही राहणार."

तिनं कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज स्वतः भरला. मन्सूऱ्याची अभियांत्रिकी थोडक्यात हुकली. जागा मिळाली ती अस्वानला, देशाच्या पार दक्षिण टोकाला, एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसावं लागेल इतक्या लांब. मुनीर कडवट हसला. "बघितलंस? हे तुझं गणित."

"हो," ती म्हणाली, "आणि ते मी सोडवीन."

निघण्याच्या सकाळी नजवानं ताटभर फतीर, म्हणजे तुपातली गोड घडीची पोळी, बांधून दिली आणि मुलीबरोबर कैरोपर्यंत स्वतः गेली. मुनीर आतल्या खोलीत दार लावून बसला होता. रबाब दाराशी थांबली, हात उचलला, आणि न ठोकताच निघाली.

त्या संध्याकाळी त्यानं मला भिंतीवरून उपटलं. माझ्याबरोबर तळहाताएवढा गिलावा आला. गच्चीवर नेऊन त्यानं मला कबुतरांच्या खुराड्याला दार म्हणून बसवलं, लिहिलेली बाजू आत.

आता माझं आयुष्य इथेच. मुनीर रोज दाणे टाकायला येतो. नजवा गच्चीवरूनच अस्वानला फोन लावते आणि मुद्दाम मोठ्यानं बोलते. तो दाणे टाकत राहतो, पण मूठ हळू उघडतो.

फेब्रुवारीत रबाब सुट्टीला आली. गच्चीवर आली, मला बघितलं, लाथांनी पिचलेल्या चौकटीवरून ओळखलं. पुढे होऊन मला एक सणसणीत लाथ घातली. आतली कबुतरं फडफडली.

"बिचकतील ती," मुनीर म्हणाला. तो मागेच उभा होता.

"बिचकू देत."

तिनं दुसरी घातली. त्यानं अडवलं नाही. मग त्यानं दाण्यांची वाटी उचलली.

"तिकडे थंडी असते?"

"नाही."

"किती विषयांत पास?"

तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, तुम्हाला हेच विचारायचं होतं?"

मुनीरनं कबुतरांना मूठभर दाणे टाकले. मग म्हणाला, "नाही. जेवायला काय मिळतं, ते विचारायचं होतं."

तिनं तिसरी लाथ घातली नाही. आणि खालीही गेली नाही.

वाचकहो, मला कुणाची माफी मिळेल असं वाटत नाही, आणि मी ती मागतही नाही. एवढंच मागतो : मला परत कुठल्या भिंतीवर नेऊ नका. इथे कबुतरं माझ्यावर घाण करतात. करू देत. त्यात निदान कुणाच्या लेकीचं आयुष्य दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं नसतं.