कलेजीचे दोन वाटे

“रुश्दीकाका, डावा पाय कुठल्या बशीत ठेवलात?”

“चिठ्ठी लावलीय, डॉक्टरीणबाई. तेवीस वर्षांत उंदराचा पाय हरवलाय का कधी माझ्या हातून?”

इनायात हसली. अलेक्झांड्रियाच्या त्या वैद्यकीय कॉलेजात ती नवी, रुश्दी प्रयोगशाळेतला जुना मदतनीस. गुंगी दिलेल्या उंदराच्या उजव्या पायाच्या नसेला, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूला, विजेचे बारीक झटके द्यायचे, डाव्या पायाला नुसतं पडू द्यायचं. मग मांस ज्यातून बनतं ते अमिनो आम्ल कोणत्या स्नायूनं किती उचललं, ते यंत्रावर मोजायचं. आज आकडे आले होते. उजव्यानं भरभरून घेतलं होतं, डाव्यानं जेमतेम.

“रक्त तर दोघांना एकच,” रुश्दी म्हणाला.

“रक्त दारापर्यंत आणून देतं हो. नसेनं हलवल्याशिवाय स्नायू नीट घेत नाही.”

“आणि नस तुटलेलीच असली तर? खायला भरपूर घातलं तर?”

“अख्खं खाटकाचं दुकान घाला, काका. तो पाय वाळतच जाणार.” ती वहीत डोकं घालून बोलली. त्याच्या घरचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

रुश्दीनं हातातली बशी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी ट्रामच्या अपघातात त्याच्या मुलीची, नाहिदची, डाव्या मांडीतली नस तुटली. तेव्हापासून घरात येणारी कलेजी एकट्या पोरीच्या ताटात पडे आणि हा घेवड्याच्या उसळीवर भागवी. दर गुरुवारी तो शिवणाच्या टेपनं तिची पोटरी मोजायचा, आकडा वाढलेला दिसावा म्हणून टेप जरा सैलच धरायचा. वेडा बाप, दुसरं काय!

त्या दुपारी घरी त्यानं लसूण-मिरची घालून कलेजी परतली आणि पहिल्यांदाच दोन ताटल्यांत सारखी वाढली.

नाहिद ताटल्यांकडे बघत राहिली. “गुरुवार ना आज, बाबा? टेप?”

“जेव आधी. गार होतंय.”

ती समजली. डोळे भरून आले तिचे. तिनं पायावरची शाल नीट केली आणि आपल्या ताटलीतला मोठा तुकडा उचलून त्याच्या ताटलीत ठेवला.

“खा,” ती म्हणाली. “माझ्या पायापेक्षा तुम्हीच जास्त वाळलात.”

रुश्दीनं तो तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ नुसताच चावत राहिला.