न मोजलेली करडं

समृद्धीच्या पायाखालची जमीन सरकली ती कम्प्युटरमधल्या एका ओळीमुळं. नवं खाद्य घातलं की शेळीची करडं झपाट्यानं वाढतात, असा तिचा पेपर छापून आला होता आणि त्याच्याच जोरावर धाराशिवात प्राध्यापकाची नोकरी पक्की होत आली होती. आज दुसऱ्याच कामासाठी तो जुना प्रोग्रॅम उघडला, तर काय? ज्या करडाच्या वजनाचा रकाना कोरा, ते मोजायचंच नाही, असं तिनंच लिहून ठेवलेलं. आता वजन कोरं कुणाचं असणार? मेलेल्याचं! माहिती गावोगावची माणसं भरून पाठवायची, हिनं नुसते आकडे पाहिले. मेलेली हिशेबातून गळाली, उरली ती धडधाकट. मग सरासरी वाढेल नाहीतर काय होईल, कपाळ! ओळ सुधारून बघितलं तर खाद्य खाणारी तिसरा हिस्सा करडं मेली होती, न खाणारी मोजकीच.

तिचे मार्गदर्शक पंचाक्षरी सर फोनवर म्हणाले, आधी ऑर्डर हातात पडू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं कशाला बोला, तिलाही ते पटलं. पण मोठ्या कौतुकानं तेच खाद्य तिनं आईलाही पाठवलं होतं. तिनं आपल्या गावची, ईटची एसटी धरली.

घरी गोठा रिकामा! एकही शेळी नाही. अडलेली शेळी सोडवायला पंचक्रोशी जिला बोलवायची ती तिची आई, हरणाबाई, दारात बसलेली. करडं एकामागून एक गेली म्हणाली, म्हणून गेल्या बाजारात सगळ्या विकल्या. लेकीला कळवलं नाही, उगं तिच्या जिवाला घोर नको.

"माझ्या हाताचं यश गेलं बाई. लोकं बी तसंच म्हणत्यात. आता कुणाच्या शेळीला हात लावत न्हाय."

 समृद्धीनं सगळं सांगितलं. "आई, तुझा हात नाही, माझा हिशेब चुकला."

हरणाबाईला ते खरं वाटेना. "मन राखायला बोलतीस. छापलेलं कसं चुकंल?"

समृद्धीनं तिथंच बसून जर्नलला लिहिलं: पेपर चुकीचा आहे, मागं घ्या, चूक माझ्या नावानिशी छापा. सरांना कळवलं, नोकरीचं व्हायचं ते होईल. मग आईला सांगितलं की आता हेही छापून येईल.



"आलं की वाचून दाखव," हरणाबाई म्हणाली. "मला एकटीला नगं. चार माणसांत वाच."