पाटी हरवलेलं वाक्य

"कोट आधी काढा! तो माझ्या वडिलांनी शिवलाय!"

बोलकेबुवांनी आवाज बारीक करून पडद्यावरच्या बायकोच्या तोंडी वाक्य घातलं आणि दुपारच्या खेळाचं थिएटर खदखदून हसलं.

चित्रपट मुका, बुवा बोलके. पडद्याशेजारच्या चौथऱ्यावर उभं राहून ते नवऱ्याचं, बायकोचं, वकिलाचं, अगदी कुत्र्याच्याही वाटचं बोलत. खाली पायपेटीवर त्यांची स्वतःची बायको. पायांनी भाता हलवायचा, हातांनी वाजवायचं, आणि नजर सतत पडद्यावर. महिनाभर घरात दोघांचा अबोला होता. उद्या अकराला कोर्टात शेवटची सही. आणि खेळ लागला होता तोही काडीमोडाच्या गमतीचा! देवालाही कधीकधी चेष्टा सुचते.

खेळाच्या शेवटी कोर्टाच्या पायरीवर ती बाई नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणते. तो मुकाट्याने कोट काढून पायरीवर अंथरायला वाकतो, आणि रीळ संपतं. तिच्या वाक्याची अक्षरांची पाटी रिळातून कधीच गळून गेली होती, म्हणून बुवांनी ते कोटाचं वाक्य पदरचं घातलं होतं. पण आज नेमकी तिथंच पेटी क्षणभर गप्प झाली. बुवांना ते कुसळासारखं टोचत राहिलं. लोक चहाला बाहेर गेल्यावर ते खाली उतरले.

"पेटी का थांबली गं?"

"ती बाई तसं म्हणत नाही, म्हणून."

"तुला काय ठाऊक?"

तिने ओठ हलवून दाखवले. बुवांना सासूबाई आठवल्या. ठार बहिऱ्या. मायलेकी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तासन्‌तास बोलत बसायच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"मग काय म्हणते ती?"

"सत्तर खेळ झाले. आज विचारताय?"

"आज विचारतोय."

तिने सुरांच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवलं.

"म्हणते, पाय दुखतायत हो माझे. जरा बसू का?"

"एवढंच?"

"एवढंच."

बुवा हसायला गेले, जमलं नाही. नजर खाली वळली. भात्याच्या फळ्यांवरचं कापड टाचांखाली पार विरून गेलं होतं. चपला बाजूला काढलेल्या. सुजलेल्या घोट्यांवर चपलांच्या पट्ट्यांचे वळ. अकरा वर्षं ते हिच्यापासून चार हातांवर उभे राहून बोलत होते.

पुढचा खेळ सुरू झाला. बुवांनी वकील रंगवला, न्यायाधीश रंगवला, कुत्रंही भुंकवलं. मग कोर्टाची पायरी आली. बाई वळली, तिचे ओठ हलले. चौथऱ्यावरून शब्द नाही.

"काय बुवा, वाक्य गिळलंत की काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

बुवा चौथऱ्यावर नव्हतेच. पायपेटीपाशी जमिनीवर मांडी घालून ते दोन्ही तळहातांनी भात्याच्या फळ्या दाबत होते. सूर नव्या वासरासारखा धडपडला.

"दोन्ही एकदम नका दाबू," पाय वर उचलून घेत ती हळूच म्हणाली. "एक सोडा, मग दुसरी."

"बरं," बुवा म्हणाले.

पडद्यावर नवरा कोट अंथरायला वाकत होता.